नाळेच्या तीन गाठी

एका राज्यात दोर वळायला बंदी होती. विहिरींवर रहाट होते, पण पोहऱ्याला दोर नव्हता. गुरांना दावे नव्हते, म्हणून गुराखी दिवसभर नुसते धावत. नाव काठाला बांधता येत नसे. नावाडी जेवायला बसला की त्याची बायको पाण्यात उभी राहून नाव धरून ठेवी. बायका वेण्या घालीत नसत. लोक कुरकुरत, पण हुकूम मोडीत नसत, कारण तो कशापायी निघाला हे सगळ्यांना ठाऊक होते.

राजा भद्रसेन आणि राणी मृणालवती यांची दोन मुले गेली होती. पहिला मुलगा जन्मला तेव्हा त्याच्या गळ्याभोवती नाळेचे दोन घट्ट वेढे होते. तो निळा होता आणि रडला नाही. दुसरी मुलगी दिवस भरत आले असताना पोटातच निपचित झाली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या नाळेला एक गाठ होती, कोणी दोन्ही हातांनी ओढून आवळावी तशी.

त्या राज्यात मांत्रिक कुंभारांइतकेच जागोजागी होते. राजाने त्यांतल्या थोरल्याला बोलावले. त्याने समईत तेल घातले आणि ज्योतीला विचारले. ज्योत म्हणाली, "या घराण्याच्या गळ्याला फास आहे." पुढे ती बोलेना. राजाने फास एवढाच शब्द धरला आणि राज्यातले सगळे दोर जाळून टाकले.

राणीला तिसऱ्यांदा दिवस गेले. दासी म्हणू लागल्या, हात वर करू नका, नाळ बाळाच्या गळ्यात पडते. माळ ओवू नका, सुताला शिवू नका. राणी मांडीवर हात ठेवून बसू लागली. फडताळातली वाटीसुद्धा ती स्वतः काढीत नसे. पण मनाला कोण बसवून ठेवणार? एके दिवशी तिने राजवाड्यातल्या सुईणीला जवळ बोलावले. सुईणीचे नाव चंद्राक्का.

"चंद्राक्का, खरे सांगा. पहिल्या वेळी मी मोगऱ्याच्या माळा ओवल्या होत्या. दुसऱ्या वेळी हात उंचावून दाराला तोरण बांधले होते. माझ्यामुळेच झाले ना?"

"नाही, राणीसाहेब," चंद्राक्का म्हणाली. "बाळ पाण्यात असते. ते कोलांट्या मारते, तशी नाळ त्याच्याभोवती फिरते. आईचे हात वर आहेत की खाली, हे नाळेला कळत नाही. गळ्यात वेढा घेऊन आलेली कितीतरी बाळे या हातांनी घेतली. वेढा बहुधा सैल असतो. बोटाने डोक्यावरून काढायचा. बाळ रडते आणि आई विचारते, मुलगा की मुलगी?"

"मग माझीच दोन्ही का गेली?"

"ते मला ठाऊक नाही. तुम्ही एवढेच करा. बाळ रोज कसे हलते ते ध्यानात ठेवा. हालचाल मंदावली असे वाटले, तर वेळ न दवडता मला हाक मारा."

राणी त्या दिवसापासून पोटावर हात ठेवून दिवस काढू लागली. बाळ हलले की तिचा श्वास सुटे. बाळ निजले की तिचा श्वास अडके.

बागेत एक उंबराचे झाड होते. फळे पिकली तेव्हा तिथे धनेश पक्षी आला, मोठ्या वाकड्या चोचीचा. माळी दगड मारू लागले. राणीने त्यांना थांबवले.

पक्षी म्हणाला, "माझी मादी ढोलीत बसली आहे. दार आतून लिंपून घेतले आहे, चोचीपुरती फट ठेवली आहे. मी फळ नेले नाही तर ती आणि पिले उपाशी मरतील."

"ने, हवी तितकी ने," राणी म्हणाली.

पक्ष्याने गळा भरून फळे घेतली, मादीला पोहोचवली आणि परत येऊन राणीच्या सज्ज्यावर बसला. "राणी, तुझी मुले का जातात ते मी सांगतो. उत्तरेच्या कड्यावर भिवरा नावाची मांत्रिकीण राहते. तुझ्या नवऱ्याची नाळ तिच्या कमरेला आहे. तिला तीन गाठी आहेत. दोन आवळल्या, तिसरी आवळत आली आहे."

राणीने हे राजाला सांगितले. राजा म्हणाला, "माझी नाळ तर चाफ्याखाली पुरली होती." त्याने चाफ्याखाली खणायला लावले. मडके निघाले, ते रिकामे होते.

राजाचा हात तलवारीवर गेला. "सैन्य पाठवतो. तिचे डोके आणवतो."

"डोके आणल्यावर गाठी कोण सोडवणार, महाराज? मी जाते."

"या अवस्थेत?"

"याच अवस्थेसाठी."

राणी मेण्यात बसली. चंद्राक्का बरोबर चालली. कड्याला वाट नव्हती. राणी खाली उतरली आणि आपण कशासाठी आलो ते तिने कड्याला सांगितले. तेव्हा कडा खाली बसला, हत्ती बसतो तसा, आणि ती माथ्यावर पाऊल ठेवताच पुन्हा उभा राहिला.

माथ्यावर एक म्हातारी नाचणी पाखडीत बसली होती. तिच्या कमरेला वाळलेली नाळ होती. दोन गाठी काळ्याठिक्कर पडल्या होत्या. तिसरी अर्धवट मिटली होती.

"कितवा?" म्हातारीने मान वर न करता विचारले.

"आठवा सरत आला."

"हलते का?"

"हलते."

"मग बस."

राणी बसली. भिवराने सूप बाजूला ठेवले.

"माझा मुलगा केशू राजाच्या हत्तीचा माहूत होता. तुझ्या सासऱ्याचा रत्नहार हरवला. केशूवर आळ आला. त्याने हार पाहिलाही नव्हता, पण त्याला बोलू दिले नाही. भर चौकात फासावर दिला. मी रडले, मग मंत्र शिकले. पुढे राजाला मुलगा झाला. त्याची नाळ पुरली ती मी उकरून काढली आणि गाठी मारल्या. म्हटले, माझे लेकरू गळा आवळून गेले, तशीच या घरातली जातील."

"माझ्या मुलांनी तुझे काय केले होते?"

"काही नाही. केशूनेही कोणाचे काही केले नव्हते."

राणीला वाटले, हिच्या तोंडाकडे पाहू नये. पण पोटात बाळाने पाय मारला आणि ती तिथेच बसून राहिली.

"तिसरी गाठ सोड," ती म्हणाली.

भिवराने आपले हात पुढे केले. तिची नखे मुळापर्यंत मोडली होती. "तुझी मुलगी गेली तेव्हा वाड्यावरचा चौघडा मध्येच थांबला. तो इथवर ऐकू आला. तेव्हापासून सोडते आहे. सुटत नाही. शाप घालणे माझ्या हाती होते, मोडणे तुमच्या हाती आहे. ज्याला खरे ठाऊक होते त्याने हार द्यावा. ज्याचे राज्य आहे त्याने ते खरे चौकात बोलावे. आणि जिच्या पोटात बाळ आहे तिने माझ्या मुलाचा फास सोडवावा."

"दोर तर सगळे जाळले."

"तो एक नाही जाळला. त्याला हात लावायची कोणाची छाती झाली नाही."

राणी भिवराला बरोबर घेऊनच राजधानीत परतली. भिवरा चौकात जाऊन फाशीच्या खांबाखाली बसली. नाळ तिने मांडीवर ठेवली.

राजवाड्याच्या तळघरात खजिना होता, आणि खजिन्यात एक लोखंडी पेटी होती. तिच्यावर नाग बसत असे. म्हातारा राजा मेल्यावर नाग होऊन तिथे बसला, हे सगळ्यांना माहीत होते, म्हणून त्या पेटीजवळ कोणी जात नसे. खरे कोणाला ठाऊक असेल तर ते सासऱ्यांनाच, हे ओळखून राणी दिवा घेऊन खाली उतरली. तिने पदर डोक्यावर घेतला.

"मामंजी, हार द्या."

नागाने फणा काढला. "सूनबाई, मागे फिर."

"तुम्हाला तो कुठे सापडला होता?"

नागाने फणा खाली घेतला. मग म्हणाला, "अंबारीच्या गादीत. शिवण उसवली होती, तिथून आत सरकला होता. पोराला फाशी देऊन महिना झाला होता."

"मग सांगितले का नाही?"

"राजा चुकला हे कोणी सांगायचे? राजा मीच होतो."

"तुमची दोन नातवंडे गेली, मामंजी."

"ठाऊक आहे," नाग म्हणाला. "दोन्ही वेळा मी खालून कान देऊन होतो. रडणे ऐकू आले नाही."

त्याने पेटीभोवतीचे वेटोळे एकेक करून सोडले. शेवटचे वेटोळे सुटले तेव्हा तिथे नाग नव्हता, रिकामी कात होती. राणीने हार उचलला. त्याच क्षणी चौकात भिवराच्या मांडीवर पहिली गाठ उलगडली. गाठ सुटली म्हणून पहिला मुलगा परत आला नाही. तसे ते होत नसते.

राणीने हार राजापुढे ठेवला आणि सगळे सांगितले. राजा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"देवी, मेलेल्या बापाला भर चौकात खोटे ठरवू?"

"ते स्वतः बोलले, महाराज. आयुष्यभर त्यांना जमले नाही, ते बोलले. आता आपण बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा पायी चौकात गेला. लोक जमले. त्याने मुकुट काढून हातात घेतला. "केशू माहूत चोर नव्हता," तो म्हणाला. "हार माझ्या वडिलांना सापडला होता. त्यांनी लपवला. त्या घराचा मी मुलगा आहे." एवढेच बोलून त्याने हार भिवरापुढे ठेवला. तिने त्याकडे पाहिले नाही. ती मांडीवरची नाळ पाहत होती. दुसरी गाठ सुटली.

आता फास राहिला. तो उंच खांबावर लटकत होता, उन्हापावसाने लाकडासारखा झालेला. राणीसाठी चौरंग आणला. दासी रडू लागल्या. "राणीसाहेब, हात वर करू नका! दोराला शिवू नका!"

राणीचे पाय थांबले. तिने चंद्राक्काकडे पाहिले.

"चढा," चंद्राक्का म्हणाली. "चौरंग मी धरते."

राणी चढली. तिने दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि फासाच्या गाठीत नखे घातली. गाठ हलेना. पोटात बाळ एकदा जोराने वळले, मग शांत झाले. राणीने श्वास रोखून वाट पाहिली. बाळ हलले नाही. हात खाली घ्यावेत आणि पोट धरावे, असे तिला फार वाटले. पण फास तसाच ठेवून खाली उतरले तर काय होईल, हेही तिला ठाऊक होते. तिने दात आवळून एक पीळ सैल केला, मग दुसरा. खांद्यांना कळ लागली. बाळाने पुन्हा पाय मारला. फास उलगडला आणि साधा दोर होऊन तिच्या पायांवर पडला.

भिवरा खालून ओरडली, "सुटली! तिसरीही सुटली!"

आणि तिथेच राणीच्या पोटात कळा सुरू झाल्या.

मेणा धावत वाड्यात आणला. दुपार टळेपर्यंत राणी कळा देत होती. बाळाचे डोके बाहेर आले तेव्हा चंद्राक्काचा हात एकदम थांबला. राणीने तिचे तोंड पाहिले.

"नाळ आहे का?"

"आहे. गळ्यात आहे. जोर देऊ नका. श्वास घ्या."

"चंद्राक्का—"

"श्वास घ्या, राणीसाहेब."

राणीला वाटले, सगळे फुकट गेले. नागापुढे उभे राहणे, राजाचे बोलणे, फास, सगळे. तिने डोळे मिटून श्वास घेतला. चंद्राक्काने नाळेखाली बोट सरकवले, एक वेढा डोक्यावरून काढला, मग दुसरा. "आता द्या जोर." बाळ आले. ते निळसर होते. चंद्राक्काने त्याला पालथे घेतले, पाठ चोळली, तोंड पुसले. दासी भिंतीला टेकून उभ्या होत्या. राजा दाराबाहेर उभा होता आणि तिथून त्याला काहीच ऐकू येत नव्हते.

मग बाळ रडले. आधी बारीक, आणि मग असे, की दाराबाहेर राजा मटकन खाली बसला.

"मुलगी," चंद्राक्का म्हणाली. तिने नाळ उजेडात धरली. "दोन वेढे होते. आणि ही पाहा, एक गाठही आहे. सैल आहे, आवळलीच नाही."

"म्हणजे शाप गेला नाही?" राणीने विचारले.

"गेला, राणीसाहेब. ही नुसती नाळ आहे."

राजाने बंदी उठवली. केशूचे क्रियाकर्म राजपुत्राच्या इतमामाने झाले. हार मोडून त्याची रत्ने माहुतांच्या घरोघरी गेली, कारण भिवराने तो घेतला नाही. बाराव्या दिवशी ती बाळाला पाहायला आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. राणीने तिला क्षमा केली, असे कोणी सांगत नाही. राणी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली, मग उठली आणि बाळ तिच्या हातांत दिले, एवढे खरे. भिवराने ते हातभर दूर धरले, नीट न्याहाळले, परत दिले आणि आपल्या कड्यावर निघून गेली.

दोन वर्षांनी राणीला मुलगा झाला. त्याच्याही गळ्यात नाळेचा एक वेढा होता. चंद्राक्काने तो बोटाने काढला, बाळ रडले, राणीने विचारले, "मुलगा की मुलगी?" त्या गडबडीत वेढ्याचे सांगायचे चंद्राक्काच्या ध्यानातच राहिले नाही.