बेलभंडार कुणी उचलायचा

"सोडू की नको? एका शब्दात सांगा बुवा!"

सर्जेराव सरपंच टेकडीच्या पायऱ्या चढून आला तो ओरडतच. मागे आम्ही चार पंच, घामाघूम. खंडोबाच्या देवळातले मल्हारीबुवा भांडी घासत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

बंधारा आमच्या वरच्या हिवऱ्यात. खालच्या हिवऱ्यात प्यायला थेंब नाही. काल तिथली एक बाई तळातलं पाणी खरवडायला विहिरीत उतरली आणि पडली, कंबर मोडली. बंधाऱ्याचं पाणी खाली सोडायचं का यावर पाच बैठका झाल्या, पाचही हातघाईवर आल्या. सहावी आज दुपारी, शेवटची.

"सोडलं तर आमचा ऊस जळतो," सरपंच म्हणाला. "नाही सोडलं तर ती माणसं... तुम्हीच बेलभंडार उचला बुवा. तुम्ही म्हणाल तो देवाचा कौल."

बेलभंडार उचलून दिलेला शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. मला तर बरंच वाटलं, आपल्याला बोलायला नको. माझाही एकरभर ऊस होता, खोटं कशाला बोलू?

बुवा उठले. "तुझं काय म्हणणं?"

"माझं कशाला? गाव म्हणेल ते."

"गाव काय म्हणतंय?"

"गाव म्हणतंय... सरपंच म्हणेल ते."

आमच्यातला एक फिस्सकन हसला. बुवांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खालीच बसला.

मग त्यांनी देवापुढची वाटी घेतली, सरपंचाचा हात खसकन ओढला आणि बेलाच्या पानासकट सगळा भंडारा त्याच्याच तळहातावर ओतला.

"बोल."

"बुवा, थोडं समजून घ्या..."

"बोल म्हणतो ना!"

सरपंचानं हात मागे ओढला, पण बुवांनी मनगट सोडलं नाही. मोठा कडक माणूस, पण शेवटी कळवळून ओरडला.

"सोडलं तर पुढच्या निवडणुकीला मला कुत्रं विचारणार नाही!"

"म्हणजे सोडायचं हे तुला ठाऊक आहे."

सरपंचानं हो म्हणून मान डोलावली.

"कधीपासून?"

"पहिल्या बैठकीपासून."

मी मान खाली घातली. आम्हालाही ठाऊक होतंच की!

"मग ती बाई पडेपर्यंत कुणाची वाट बघत होतास रे?"

"तुमच्या तोंडून झालं असतं तर... लोकांनी मला शिव्या दिल्या नसत्या."

बुवांचा आवाज देवळात घुमला.

"अरे, शिव्या खायलाच गावानं तुला पुढं बसवलंय! जा, खा!"