पाळडोहची चौथी सकाळ

पाळडोहचा तलाव बघायला येणारी माणसे गावातल्या घरांत खोली घेऊन राहतात. पण तीन रात्रींवर तिथे कुणालाच ठेवून घेत नाहीत. ग्रामसभेचा तसा ठराव आहे, आणि त्याहून जुना गावाचा शब्द आहे. एकदा नागपूरच्या एका जोडप्याने अजून थोडे राहण्याचा फारच आग्रह धरला, तेव्हा म्हाताऱ्या डोमाजीबुवांनी त्यांना तलावाच्या पाळीवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावर, नेले आणि तिथे बसून हे सांगितले.

फार पूर्वी म्हणे सगुणा नावाची एक कासारीण श्रावणात बांगड्या भरायला गावात आली. पाऊस लागून राहिला, नाले भरले, तिची वाट बंद झाली. पाटलीणबाईने तिला ठेवून घेतले. ती घरोघरी बसू-उठू लागली. गावच्या पोरी तिला आत्या म्हणू लागल्या.

अशातच एका दुपारी पाळ खचली. पाळीखाली सारे गाव. हिरामण पाटील म्हणाला, "आधी पाहुणीला टेकडीवर न्या. तिचा जीव आपल्याकडे ठेव आहे."

सगुणा हलली नाही. "आले तेव्हा पाहुणी होते, पाटील. आता या पोरी माझ्या आहेत. त्यांना खाली ठेवून मी वर कशी जाऊ?"

एवढे बोलून ती भगदाडात उतरली आणि पाण्याला पाठ लावून उभी राहिली. लोंढा अडला. गावाने दगडमाती ओतायला सुरुवात केली. "बाहेर ये," म्हणून माणसे विनवत होती, आणि ती म्हणत होती, "अजून घाला, मी आहे."

पाणी थांबले तेव्हा हाकेला ओ आली नाही. मातीबाहेर तिचा एक हात तेवढा राहिला होता, आणि त्यातली एकही बांगडी फुटली नव्हती, असे सांगतात.

पाटील तिथेच गुडघ्यावर बसला. त्याने गावाकडून शब्द घेतला, "माणसाचा जीव जडला की तो पळत नाही. म्हणून जडायच्या आधीच पाहुण्याला वाटेला लावा. आपल्यापायी पुन्हा परक्याचा जीव जायला नको."

बुवा थांबले. नागपूरची बाई उठली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला, सामान भरू."

आजही चौथ्या सकाळी घरची बाई पाहुण्याला नाल्यापलीकडे पोचवायला जाते. 'परत या' असे पाळडोहात कुणी म्हणत नाही. 'सुखरूप पोचा' म्हणतात, आणि पाहुणा दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभे राहतात.