रडेपर्यंत सोडायचं नाही

घाट चढून वर गेलं की धारवाडी नावाचं गाव लागतं. त्या गावात हौसा शेलार नावाची एक मुलगी होती आणि ती भोळी होती. किती भोळी? आईनं एकदा तिला सांगितलं, "हौसे, दुधाकडं बघ." तिनं बघितलं. दूध वर आलं, उतू गेलं, चूल विझली. आई धावत आली, तेव्हा दूध आधी कुठल्या बाजूनं उतू गेलं आणि मग कुठल्या, हे हौसानं तिला नीट सांगितलं. बघायला सांगितलं होतं, तिनं बघितलं होतं. तिचं काय चुकलं?

पण गावात बारावी झालेली मुलगी ती एकटीच. त्यामुळे विद्यापीठानं जिल्ह्याच्या गावी सुईणीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम काढला, तेव्हा गावानं हौसालाच पाठवायचं ठरवलं.

गावाला तशी घाईच होती. धारवाडीत ना डॉक्टर, ना नर्स. हौसाची वहिनी अंजिरा पहिलटकरीण होती, तेव्हा तिला कळा सुरू झाल्यावर जीपमधून खाली न्यायला निघाले आणि अर्ध्या घाटातच बाळ झालं. ते रडलं नाही. जीपमधल्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं, गेलं असं समजल्या आणि त्याला पदरात गुंडाळून ठेवलं. ते खरंच गेलेलं होतं का, हे आजवर कुणाला ठाऊक नाही. वहिनी त्यानंतर वर्षभर हसली नाही. हौसाला त्या गोष्टीचं फार वाईट वाटायचं. निघताना ती वहिनीला म्हणाली, "मी पास हून येती. मग तू घाट उतरायचाच न्हाईस."

तर अशी हौसा कॉलेजात दाखल झाली.

तिथं शिकवायला नाईकनवरे मॅडम होत्या. तीस वर्षांत हजारभर बाळंतपणं केलेली बाई. आवाज करडा, मन मऊ. पहिल्याच दिवशी त्यांनी हात धुवायला शिकवलं. बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठा, मनगट, सगळं चोळून घ्यायचं. "आणि एकदा हात धुतले," मॅडम म्हणाल्या, "की मग कश्शाला हात लावायचा नाही."

हौसानं हात धुतले आणि कश्शाला लावले नाहीत. दोन्ही हात वर धरून ती दारापाशी उभी राहिली, कारण दाराला कडी होती. जेवणाची सुट्टी झाली, संपली. मैत्रिणींनी तिला घास भरवले. संध्याकाळी मॅडम घरी निघाल्या तेव्हा ती तशीच.

"अगं हौसा, हे काय?"

"हात धुतल्यात, मॅडम."

"अगं, हात कशासाठी धुतो आपण? धुतले की सरळ पोटाला लावायचे! पोट तपासायचं. बाळाचं डोकं कुठं, पाय कुठं, बघायचं."

"चुकलं, मॅडम. म्होरच्या टायमाला ध्यानात ठेवती."

आणि तिनं ठेवलं. हौसाचं दुखणं हेच होतं की ती काही विसरत नसे. विसरली असती, तर पुढच्या कितीतरी लोकांचे हाल वाचले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेसमध्ये ती जेवणाआधी हात धुवायला गेली. बेचक्या, नखं, अंगठा, मनगट. धुऊन वळली, तो समोर पोपटराव. पोपटराव म्हणजे कॉलेजचे स्टोअरकीपर. चादरी आणि कापूस त्यांच्या ताब्यात, आणि पोट त्यांच्याही दोन पावलं पुढं चालणारं. हौसानं सरळ दोन्ही हात त्या पोटाला लावले. वर दाबून पाहिलं, खाली दाबून पाहिलं, बाजूला चाचपलं. पोपटरावांच्या हातातलं ताट तसंच अधांतरी राहिलं.

"डोकं वर लागतंय," हौसा काळजीनं म्हणाली. "पायाळू हाय. घाट उतरून दवाखान्याजवळच राहा आता, काका."

पोपटरावांनी त्यानंतर तीन दिवस मेसमध्ये पाऊल टाकलं नाही.

"अगं, आधी माणूस तरी बघ!" मॅडम ओरडल्या. "विचार जरा! नाव काय, नवऱ्याचं नाव काय, कितवा महिना, कितवी खेप. सगळं विचारायचं, वहीत लिहायचं. लिहून झाल्याशिवाय बोटसुद्धा लावायचं नाही."

"चुकलं, मॅडम. म्होरच्या टायमाला ध्यानात ठेवती."

पुढची वेळ आठवड्यानं आली. कॉलेजच्या दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबली आणि तिच्यातून एक बाई सासूचा हात धरून कशीबशी उतरली. घामानं डबडबलेली, दोन पावलं टाकली की वाकत होती. दारात हौसा वही घेऊन उभी.

"नाव?"

"पारू... पारू भिसे... आई गं!"

"आईचं नंतर सांगा. आदी नवऱ्याचं."

"अगं बये, आत घे तिला!" सासू म्हणाली. "बाळ आलंया!"

"कितवी खेप?"

"तिसरी! मरू दे तुझी वही!"

"तिसरी," हौसानं लिहिलं. "मागच्या दोन टायमाला काय तरास? पाय सुजलेलं का?"

आतून मॅडम धावत आल्या म्हणून बरं. त्यांनी उंबऱ्यातच गुडघे टेकले आणि बाळ ओंजळीत झेललं. मुलगी झाली. ठणठणीत. सासूनं देवाचं नाव घेतलं आणि हौसाकडं असं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर पळून गेली असती. हौसा वहीत बघत होती.

"मॅडम, आता 'कितवा महिना' म्हंजी काय लिहू?"

मॅडमनी आधी पारूला खाटेवर नेलं, बाळाला पुसलं, स्वतः पाणी प्यायल्या आणि मगच बोलल्या. "हौसा, नीट ऐक. बाई ओरडत आली, की वही ठेवून द्यायची. आधी तिला कुशीवर निजवायची, पाठ चोळायची. घाबरू नका म्हणायचं, लांब श्वास घ्या म्हणायचं. कळलं?"

"चुकलं, मॅडम. म्होरच्या टायमाला ध्यानात ठेवती."

वसतिगृहाच्या रेक्टर सावळेकर बाई फार ओरडायच्या. एके दिवशी कुणीतरी नळ उघडा टाकला होता, टाकी रिकामी झाली होती. बाई जिन्यातूनच कडाडत वर आल्या. पोरी खोल्यांत दडून बसल्या. हौसा तेवढी दारात उभी राहिली. तिनं हातातली वही खाली ठेवली, बाईंना दोन्ही खांद्यांना धरलं आणि जवळच्या खाटेवर कुशीवर निजवलं. घाटावर डोक्यावरून पाणी वाहिलेली मुलगी ती. तिच्या हातातून सुटणं सावळेकर बाईंच्या आवाक्यातलं नव्हतं.

"सोड! सोड मला, भवाने! कॉलेजातून काढून टाकीन!"

"घाबरू नका," हौसा पाठ चोळत म्हणाली. "लांब श्वास घ्या. सोडा. लई चांगलं चाललंय तुमचं. आत्ता जोर लावू नका."

पोरी सांगतात, की पंधरा मिनिटांनी बाईंना झोप लागली आणि कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी लागली. पण जाग आल्यावर त्या तडक प्राचार्यांकडं गेल्या.

मॅडमना प्राचार्यांची बोलणी खावी लागली. त्या वसतिगृहात आल्या आणि कपाळाला हात लावून बसल्या. "हौसा, ओरडणारी प्रत्येक बाई बाळंत होत नसते गं. कुणी रागानं ओरडत असलं, तर त्याला हात लावायचा नाही. हाताची घडी घालून उभं राहायचं, सगळं ऐकून घ्यायचं. ओरडून दमलं, की नम्रपणे विचारायचं, अजून काही सांगायचंय का."

"चुकलं, मॅडम. म्होरच्या टायमाला ध्यानात ठेवती."

अशी दोन वर्षं सरत आली. मधल्या काळात तिनं एका आजोबांना डोहाळे विचारले आणि एका बाळंतिणीला बाळंतपणाची भीती वाटते का असं विचारलं, पण ते सगळं सांगत बसलो तर परीक्षा राहून जाईल. परीक्षा आठ दिवसांवर आली आणि धारवाडीहून निरोप आला, की अंजिरा वहिनीला आठवा लागलाय. निरोपाबरोबर वहिनीचे शब्दही होते: "हौसाला म्हणावं, मी तुझी वाट बघत्या. जीपमदी न्हाई बसायची मी." हौसानं तो निरोप दोनदा विचारून घेतला आणि रात्रंदिवस अभ्यासाला लागली.

आणि नेमकं त्याच आठवड्यात ते झालं. बाळंतिणींच्या खोलीत एक आई अंघोळीला गेली होती. जाताना म्हणाली, "ताई, बाळाजवळ थांबा." हौसा थांबली. बाळ उठलं आणि भुकेनं रडायला लागलं. लालबुंद झालं, मुठी आवळल्या. हौसा हाताची घडी घालून समोर उभी राहिली आणि सगळं ऐकून घेऊ लागली. मध्ये एक शब्द बोलली नाही. शेवटी बाळ दमलं, हुंदके देत गप्प झालं. तेव्हा ती वाकून नम्रपणे म्हणाली, "अजून काय सांगायचंय का?"

आई केस पुसत दारात उभी होती.

या वेळी मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी हौसाला खोलीत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मी तुला परीक्षेला बसवू की नको, तूच सांग. उद्या एखाद्या बाईचा जीव तुझ्या हातात असेल."

हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बसवा, मॅडम. माझी वहिनी वाट बघत्या." आणि तिनं घाटातल्या जीपची गोष्ट सांगितली, पदरात गुंडाळलेल्या बाळापर्यंत.

मॅडमनी हौसाचे दोन्ही हात धरले. "मग आता मी सांगते ते काळजावर कोरून ठेव. बाळ जन्मलं आणि रडलं नाही, तर पुसायचं, पाठ चोळायची, तळपायाला टिचक्या मारायच्या. तरी नाही रडलं, तर तोंडावर मास्क धरून त्याला जोडलेला रबरी फुगा दाबत श्वास द्यायचा. रडेपर्यंत सोडायचं नाही. आणि रडलं, की डोक्याला टोपडं घालून आईच्या छातीवर पालथं ठेवायचं, वरून दुपटं घालायचं. एक तास तिथून हलवायचं नाही. कुणी का सांगेना!"

"ध्यानात ठेवती, मॅडम."

परीक्षेला विद्यापीठाकडून टिपणीस सर आले. मोठे डॉक्टर, वयानं सत्तरीचे, अंगानं काडी, डोक्याला चकचकीत टक्कल. टेबलावर प्लास्टिकची बाई आडवी ठेवली होती, तिच्या पोटात प्लास्टिकचं बाळ. हौसाचा नंबर आला तेव्हा साडेबारा वाजले होते. मागं अजून अकरा मुली होत्या आणि मेसमधून भरल्या वांग्यांचा वास सुटला होता.

हौसानं बाळ काय सुरेख काढलं! डोक्याला आधार, खांदा हळू, नाळ नीट. सरांनी मान डोलावली. कोपऱ्यात उभ्या मॅडमच्या जिवात जीव आला.

"छान," सर म्हणाले. "बाळ रडत नाही. आता?"

हौसानं बाळ पुसलं, पाठ चोळली, तळपायाला टिचक्या मारल्या. मास्क धरला, फुगा दाबू लागली.

"अगदी बरोबर," सर म्हणाले. "ठेव आता. पुढचा प्रश्न."

"रडलं न्हाई अजून, सर."

"ते कळलं मला. ठेव."

"रडंपत्तुर सोडायचं न्हाई."

"अगं, प्लास्टिकचं आहे ते!"

"तेवढ्यासाठी सोडायचं व्हय, सर?"

पाऊण वाजला. एक वाजला. हौसाच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण फुगा थांबला नाही. अकरा मुली दारातून डोकावत होत्या. सर घड्याळाकडं बघून म्हणाले, "बाई, रडलं असं समज. समज आणि सोड."

"समजून कसं चालंल, सर?" हौसा रडवेली झाली, पण हात चालूच. "माज्या वहिनीचं बाळ रडलं न्हाई, तवा समद्यांनी असंच समजून घेतलं. गेलं म्हनून समजल्या. कुनी चोळलं न्हाई, कुनी फुंकलं न्हाई. मी न्हाई सोडायची."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचे डोळे ओले झाले होते. मग ते टेबलाशी वाकले, तोंडाशी हात धरले आणि त्या सत्तर वर्षांच्या माणसानं टाहो फोडला, "ट्यँहँ! ट्यँहँ! ट्यँहँ!"

हौसा थांबली. तिनं प्लास्टिकच्या बाळाकडं पाहिलं. त्याचं तोंड मिटलेलं होतं. तिनं सरांकडं पाहिलं. तोंड उघडं, चेहरा लाल, डोळे ओले, डोक्यावर एक केस नाही. रडलं होतं कोण, यात शंकाच नव्हती.

तिनं प्लास्टिकचं बाळ बाजूला ठेवलं, सरांचं टक्कल पुसलं, त्यावर टोपडं ओढलं, त्यांना काखांत हात घालून उचललं आणि प्लास्टिकच्या बाईच्या छातीवर पालथं घातलं. वरून दुपटं घातलं. ते कमरेपर्यंतच पुरलं.

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

दुपट्याखालून बराच वेळ धडपड झाली. मग आवाज आला, "पास! पास केलं! तो कागद आणा इकडं." कागद आला. सरांनी पालथ्या अवस्थेतच सही केली. "आणि पोरी," ते म्हणाले, "तुझ्या वहिनीला सांग, टिपणीस डॉक्टरनं सांगितलंय, काही काळजी करू नको. तुझ्यासारखी सुईण मी दुसरी पाहिली नाही."

हौसानं पदराला डोळे पुसले. तिला इतका आनंद झाला, की तिला सरांच्या पाया पडायचं होतं, पण पाय टेबलाच्या पलीकडं लोंबत होते.

"झालं ना सगळं?" सर म्हणाले. "मग आता उठव मला. जेवायला जाऊ दे."

हौसानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि दुपट्याचं टोक नीट खोचलं.

"अजून एक्कावन्न मिन्टं हायत, सर. रडू नका. आई जवळच हाय."