साकीला वन्समोर

"मग साकी गायचीच नाही का, बाई?"

चारुताने विचारलं खरं, पण सुरात भांडणच होतं. पुण्याहून पहाटेची एसटी पकडून ती मिरजेला आली होती आणि अजून पाण्याचा पेलाही तिने तोंडाला लावला नव्हता.

शेवंताबाई वळवईकर सुपारी कातरत होत्या. "गायची नाही," त्या म्हणाल्या. "बोलायचीही नाही."

"मग करायचं काय?"

"जायचं."

...

साकी म्हणजे संगीत नाटकातली अधलीमधली चीज. ना धड बोलणं, ना धड गाणं. तबला गप्प, ऑर्गनवर एकच सूर. तिसऱ्या अंकात यमुना नवऱ्याचं घर सोडते, तिचं शेवटचं वाक्य बोलता बोलता साकी होतं आणि ती निघून जाते. एके काळी यमुना स्वतः केलेल्या बाईंनी एवढ्या दोन ओळींवर चारुताचे आठ महिने घेतले होते.

आणि गेल्या रविवारी चारुताने त्याच ओळींत चार ताना घातल्या. घालणारच. एम.ए.ला सुवर्णपदक मिळवलेला गळा गप्प कसा बसेल? थिएटर वन्समोर, वन्समोर म्हणून दणाणलं. निघून गेलेली यमुना विंगेतून हसत परत आली आणि साकी पुन्हा गायली.

बाईंना हे कळलं. त्यांनी निरोप धाडला की उद्याच्या सांगलीच्या प्रयोगाला आपण येणार नाही. बाई समोर नसतील तर आपल्याला रंगमंचावर उभं राहता येणार नाही, हे चारुताला ठाऊक होतं. त्याचाच तिला राग होता.

"तुमच्या साकीला कधी वन्समोर मिळाला नाही," ती म्हणाली. "तेच खुपतंय तुम्हाला."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

बाईंनी अडकित्ता खाली ठेवला. "नाही मिळाला. सातशे प्रयोगांत एकदाही नाही," त्या मान ताठ करून म्हणाल्या. "म्हण बघू. इथेच म्हण आणि त्या दारातून जा."

चारुता उभी राहिली. पदर खोचला.

"उंबरठ्याला पाठ फिरवते, मागे आता नाही..."

तान अशी काही गेली की शेजारणीने खिडकी उघडली. चारुता दाराबाहेर पडली.

"वन्समोर!" आतून बाई ओरडल्या.

चारुता फुलून आली. आत येऊन पुन्हा गायली, तीही आणखी एक हरकत वाढवून. बाहेर पडली.

"वन्समोर!"

आता ती आली ती कपाळाला आठी घालून. पण गायली. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. बाई सुपारी चघळत होत्या आणि ओरडत होत्या. पाचव्या वेळी चारुताचा गळा नाही, मनच थकलं. आठ महिने हिच्या पायाशी बसले ते अशी थट्टा करून घ्यायला? नको ही साकी. नको ही बाई. उद्या समोर नसली तरी मी उभी राहीन.

तिने पिशवी खांद्याला लावली. बाईंकडे बघून ती नीट, सावकाश म्हणाली, "उंबरठ्याला पाठ फिरवते..."

पुढचं आपोआप आलं. तान आलीच नाही. बोलल्यासारखं होतं आणि सूर मात्र सुटला नव्हता.

"...मागे आता नाही."

ती बाहेर पडली. चपला पायात सरकवल्या. पायऱ्या उतरली.

"वन्समोर!"

चारुता अंगण ओलांडून गेली.

"वन्समोर, वन्समोर!"

डोळ्यांत पाणी होतं, पण मान वळली नाही. तिने फाटकाची कडी काढली.

ती रस्त्यावर पाय टाकणार तोच मागून बाईंचा आवाज आला, नेहमीसारखा.

"उद्या पहिल्या रांगेत माझी खुर्ची ठेव. सगळ्यांत मोठ्याने मी ओरडणार आहे."