मामंजींची ओंजळ

पाणेरीच्या डोंगरावर पाणजाईचे देऊळ आहे आणि देवळाच्या पायाशी झरा. चढून आलेला माणूस तहानेने कासावीस झालेला असतो, पण भरलेली पहिली ओंजळ इथे कोणी पीत नाही आणि देवीलाही वाहत नाही. झऱ्यापासून दहा पावलांवर काळ्या, भोकाभोकांच्या दगडांचा एक ढीग आहे, त्यावर ती रिती करायची. या ढिगावर गवताची काडीसुद्धा उगवत नाही. मागच्या कड्यावरून लोखंडी साखळी लोंबते आणि निम्म्यातच संपते. असल्या दगडाला पाणी कशाला, असे पाहुणे विचारतात. गावचे म्हातारे गुरव त्यांना आधी ओंजळ रिती करायला लावतात, मग बोलतात.

ते दगड नव्हेत, लोखंड गाळून उरलेला मळ आहे. फार मागे या डोंगरात धावड राहत, म्हणजे दगडामातीतून लोखंड गाळणारे लोक. गोमाजी त्यांचा म्होरक्या. त्याच्या भट्टीतल्या लोखंडाला गंज ठाऊक नव्हता, असे सांगतात. सांगणारे थोडे वाढवून सांगतात, पण माणूस कसबी होता खरा. लोखंड गाळायला कोळसा लागतो, आणि तो अंजनीचाच हवा, कारण त्या लाकडाची आच दम धरते. तेव्हा सगळा डोंगर अंजनीने इतका गच्च होता की भर दुपारी वाट सापडत नसे म्हणे.

गोमाजीची सून आवडाई पहिलटकरीण होती. तीन दिवस झाले तरी बाई मोकळी होईना. सुइणीने हात टेकले. तेव्हा गोमाजी झऱ्यावर गेला आणि पाणजाईपुढे नवस बोलला, "आई, माझी सून वाचव. माथ्यापासून तुझ्या पाण्यापर्यंत लोखंडाची साखळी घालीन." त्याच दिवशी आवडाई सुटली. मूल हाती लागले नाही, पण ती वाचली. देवी अर्धीच पावली असे कोणी म्हटलेले गोमाजीला खपत नसे.

त्याने बाकीची कामे बाजूला सारली आणि साखळीला हात घातला. एका कडीला एक झाड जाई. एरवी धावड कोवळे झाड सोडत, झऱ्याच्या वरचे तर कधीच तोडत नसत. पण हे देवीचे काम, त्यात हात आखडायचा कशाला, असे सगळ्यांना वाटले. ती माणसे चुकली ती इथेच.

चार वर्षांत डोंगर उघडा पडला. झरा आधी करंगळीएवढा झाला आणि एका चैत्रात थांबला. गोमाजी हबकला. नवस फेडायला उशीर होतो म्हणून आई रागावली, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने दुसरी भट्टी पेटवली.

आवडाई खालच्या नदीवरून रोज तीन खेपा पाणी आणत होती. झऱ्याच्या वर दहाबारा अंजनी उरल्या होत्या, आणि त्यांच्याच बुडाशी माती ओली होती. हे तिने पाहिले होते. त्या झाडांना कुऱ्हाड लागणार त्या दिवशी ती घागर ठेवून भट्टीपुढे येऊन बसली.

"मामंजी, आईच्या अंगावरचं लुगडं जाळताय आन् तिला दागिना घडवताय," ती म्हणाली. "ती हितं ऱ्हाईल कशी?"

गोमाजीच्या सांडशीत लाल कडी होती. तो म्हणाला, "नवस अर्धा ठेवला, तर ती तुला न्हेईल, पोरी."

"न्हेऊ दे. माझ्या एका जिवापायी समद्यांचं पानी नको."

गोमाजीच्या सांडशीतली कडी काळी पडली, तरी त्याने ती जोडली नाही. मग त्याने भात्याचे तोंड भट्टीपासून सोडवले आणि दोन्ही भट्ट्या विझवल्या.

भावकी चिडली. आमच्या पोटावर पाय देतोस, म्हातारपणी चळलास, असे नको नको ते बोलली आणि दुसऱ्या डोंगराला निघून गेली. आवडाईचा नवराही पोटासाठी त्यांच्याबरोबर गेला. तो पावसाळ्यापुरता घरी येई. मागे उरले सासरा आणि सून.

गोमाजीने अंजनीच्या बिया गोळा करून तोडलेल्या एकेका झाडाच्या जागी लावल्या. उन्हाळाभर तो नदीवरून कावडीने पाणी घाली. नवस मोडल्याची धास्ती मात्र त्याला सुटली नाही. पहाटे जाग आली की तो अंथरुणातच कानोसा घेई. आवडाईच्या जात्याचा आवाज आला की तो देवीला हात जोडी आणि कावड उचली. एवढे भ्यालेल्या माणसाने एवढे काम केले, याचे कौतुक करावे तेवढे थोडे.

नवव्या उन्हाळ्यात तो चढावर बसला, तो उठला नाही. आवडाई धावत आली तेव्हा कावड शेजारी नीट ठेवलेली होती, घागरींतले पाणी सांडले नव्हते की घोटभर कमी झाले नव्हते. तिने आधी ते पाणी झाडांना घातले आणि मग गळा काढला. पुढे तीच कावड तिने खांद्यावर घेतली.

बाराव्या वर्षी वैशाखात झऱ्याचा दगड पाझरला. बातमी खाली पोचली आणि पांगलेली भावकी माना खाली घालून वर आली. पहिली ओंजळ आवडाईची, असे सगळ्यांनी ठरवले. तिने ती भरली आणि देवळाकडे न वळता गोमाजीने विझवलेल्या भट्टीच्या मळाकडे चालू लागली. एक म्हातारी म्हणाली, "अगं, देवी तिकडं हाय."

"आईला ठावं हाय," आवडाई म्हणाली. "मामंजी पान्यावाचून गेले. आधी त्यांनी प्यायचं."

नवसाच्या धाकातली ही बाई पुढे मुलेबाळे होऊन, नातवंडे पाहून पिकल्या केसांनी गेली. देवीने तिला नेले नाही.

आजही पाणेरीत देवीला नवसात घडवलेली वस्तू बोलत नाहीत, झाड बोलतात. आजही बाळंतीण पहिल्यांदा डोंगर चढते तेव्हा सगळ्यांच्या आधी तीच ओंजळभर पाणी त्या मळावर ओतते. मळ ते शोषून घेतो. तो वरून कोरडा दिसेपर्यंत बाकीचे सारे तहानलेले उभे राहतात, लहान मुलेसुद्धा. मामंजींचे पिऊन झाल्याशिवाय झऱ्याला कोणी हात लावत नाही.