पुन्हा पहिल्यापासून

“सून हुशार आहे रे, पण कामाला फाटे फोडते. तिचं ते ट्रान्झॅक्शन काही नको,” अच्युतकाका माझ्या नवऱ्याला सांगत होते. मी पडद्याआड स्वयंपाकघरात होते, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

काका माझे चुलतसासरे, आणि मी काम करते त्या कंपनीचे मालक. बियाण्यांच्या गोदामांतल्या साठ्याची नोंद आम्ही गावोगावच्या संगणकांवर ठेवतो आणि रोज एक जॉब, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, ती सगळीकडे बदलतो. जॉब मध्येच बंद पडला की काही गोदामांच्या नोंदीत माल चढलेला असतो, काहींच्या नाही; पुन्हा चालवला की चढलेला माल दुसऱ्यांदा चढतो. नोंदायचं तर सगळं, नाहीतर काहीच नाही, हेच ते ट्रान्झॅक्शन; एवढीच सोय मला करायची होती.

“पडला तर पुन्हा पहिल्यापासून चालवायचा,” काका म्हणाले. “उद्या तिला दुसरं काम देतो.”

त्या दिवशी गौरी जेवायच्या होत्या. नैवेद्य झाला, पानं वाढली. काकांनी आमटीभाताचा पहिला घास उचलला, तेव्हा मी म्हटलं, “काका, आमटीत मीठ घालायच्या वेळेलाच दारावर कुणीतरी आलं. परत आले तर घातलं की नाही ते आठवेना, आणि नैवेद्याचं चाखता येत नाही. वाटलं, तुमच्या पद्धतीनं पुन्हा पहिल्यापासून घालावं.”

घास हातातच राहिला. “घातलंस?”

“नाही. मीठ आधीच छोट्या वाटीत काढून ठेवलं होतं, घालायचं ते सगळं एकदम. वाटी रिकामी दिसली, म्हणजे पडलं होतं. जेवा तुम्ही. कामातसुद्धा मला तेवढी एक वाटीच हवी आहे.”