राजांसमोर आडवा पडणारा काटा

“आमच्यासमोर आडवा पडतोस? बेशरम!” झुंजारराजे गरजले. गरजले कुणावर? पेट्रोलच्या काट्यावर!

टेकडगडच्या या राजांकडे एक म्हातारी पिकअप होती. मागच्या हौद्यात खुर्च्या टाकून सरदार बसत. पुढे ड्रायव्हर बयाजी आणि त्याच्या डाव्या हाताला खुद्द राजे.

“हा तापमानाचा बघा, आमच्यादेखत मान वर करतो! वेगाचा पलीकडे तोंड फिरवतो! एकट्या ऑइलच्या काट्याला तेवढी रीत कळते, थरथर कापतो. बयाजी, उद्या गाडी धावताना चारही काट्यांनी आमच्याकडे वळून मुजरा केला पाहिजे. चिकटवायचे नाहीत, वाकवायचे नाहीत, खोटं दाखवायचं नाही. नाहीतर नोकरी गेली! आणि तोवर तू अन्नाला शिवायचं नाहीस!”

बयाजीला घाम फुटला. गाडीची दुरुस्ती त्याची लेक फुलवंता करायची. ती फडक्याला हात पुसत पुढे झाली.

“सरकार, गाडी किती वेगाने नेता?”

“तीस! त्यापुढे सरदार सांडतात.”

“मग झालं काम!”

फुलवंताने डॅशबोर्ड उघडला, चारही मीटर उपसले. थरथरणाऱ्या ऑइलला राजांजवळची मानाची जागा दिली, तोंड फिरवणाऱ्या वेगाला पार टोकाला धाडलं. काट्यांना बोटही लावलं नाही. प्रत्येक मीटरच त्याच्या भोकात असा फिरवून बसवला, की सगळं ठीक असलं म्हणजे काटा डावीकडे, थेट राजांकडे! मग टाकी काठोकाठ भरली.

दुसऱ्या दिवशी फुलवंता मागच्या हौद्यात उभी राहून पुढच्या खिडकीतून डोकावत होती. गाडीने तीस गाठले आणि चारही काटे राजांकडे वळले.

“शाब्बास! पण गाडी थांबली की वेगाचा फिरेल ना गं?”

“गाडी थांबली की दरबार बरखास्त, सरकार!”

राजे खूश! पण गाडी भलती पिणारी. पाच गावं झाली आणि पेट्रोलचा काटा हळूच तोंड फिरवू लागला.

“फितूर! पोरी, हरलीस!”

“फितूर कुठला, सरकार? पोट रिकामं झालंय त्याचं. आबांचंही कालपासून तसंच आहे. त्यांची मान बघा की!”

राजांनी पाहिलं. बयाजीची मान पार खिडकीकडे कलली होती.

राजे असे खदखदून हसले, की गाडी डुलली आणि मागे दोन सरदार सांडले!

“थांबवा गाडी! दोघांच्याही टाक्या भरा! बयाजीची नोकरी कायम. आणि फुलवंता, आजपासून तू मोटारखान्याची सरदार! मागे तुझी खुर्ची टाकतो.”

“टाका सरकार, पण माझी तेवढी दोरीनं बांधून!”